डबीतला हत्ती

अण्णांनी डबी तळहातावर ठेवली, दोनदा वरखाली केली आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "बाकीचा माल कुठाय?"

"एवढाच आहे, अण्णा."

"एवढाच?" त्यांनी डबी कानाशी नेऊन हलवली. "आत काय हाय, का नुसताच पत्रा?"

"आत तुमचा हत्ती आहे."

अण्णा हसले नाहीत. शेजारी माईकसेटचा एक भलामोठा ॲम्प्लिफायर पडला होता, त्याच्यावर त्यांनी प्रेमानं थाप मारली. "माल हातात घेतला की मनगटाला कळाय पायजे, एस्तेर. हे खिशात ऱ्हायलं तर धुण्यात जाईल."

भूपालअण्णा मगदूम यांचा कुपवाडच्या एमआयडीसीत माईकसेटचे ॲम्प्लिफायर बनवायचा छोटा कारखाना होता आणि मी तिथली एकुलती एक इंजिनिअर होते. अण्णांचं सगळं शास्त्र मनगटात होतं. मंडपवाले यायचे, ॲम्प्लिफायर एका हातानं उचलायचे आणि खांदा खाली झुकला की सौदा पक्का व्हायचा. जड म्हणजे आत तांबं भरपूर, तांबं भरपूर म्हणजे माल खात्रीचा. चाळीस वर्षं त्यांनी वजन विकलं होतं आणि मी त्यांच्याच छपराखाली बसून वजन घालवायच्या उद्योगाला लागले होते. मला काढून टाकलं नाही याचं एकच कारण होतं. मी ज्याचं वजन घालवत होते तो ॲम्प अण्णांनीच बनवलेला होता, आणि तो माझ्या वडिलांचा होता.

माझे वडील रूबेन सातपुते. मिरजेत शाळेत चित्रकला शिकवायचे आणि गुलबहार ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. दोघं तरुण असताना अण्णांनी त्यांच्यासाठी एक गिटारचा ॲम्प बनवला. जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे व्हॉल्व्ह, स्वतःच्या हातानं गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर, सागवानी खोकं, दोन बाजूंना दोन पितळी मुठी. वजन एकतीस किलो. ऑर्केस्ट्रातल्या लोकांनी त्याचं नाव हत्ती ठेवलं आणि तेच पडलं. अण्णांनी तसा दुसरा कधी केला नाही. "एक केला तवाच कंबर धरली," म्हणायचे.

गिटारचा ॲम्प आवाज नुसता मोठा करत नाही, त्याला स्वभाव देतो. हळू वाजवलं तर गोड बोलेल, जोरात मारलं तर घोगरा होईल, कुठं चिडेल, कुठं ऐकून घेईल, हे ज्याचं त्याचं ठरलेलं असतं. तो स्वभाव मोजायचा, गणितात मांडायचा आणि नखाएवढ्या चिपमध्ये बसवायचा. याला ॲम्प मॉडेलर म्हणतात. मोठ्या कंपन्या एकेका डब्यात शंभर-शंभर ॲम्प भरतात, म्हणून डबा मोठा होतो, तापतो आणि त्याला बटणं फुटतात. माझ्याही पहिल्या नमुन्यात सहा ॲम्प होते. तो जेवणाच्या डब्याएवढा झाला आणि त्याच्यावर भाकरी शेकता आली असती. मग मी पाच काढून टाकले. मला हत्ती सोडून कुणाशी देणंघेणं नव्हतं. एकच ॲम्प म्हटल्यावर लहान चिप पुरली, लहान चिपला लहान बॅटरी पुरली, पंखा गेला, आणि बटणं उरली दोन, आवाज आणि धार. होता होता सगळं पत्त्यांच्या कॅटाहून जरा जाड अशा डबीत मावलं. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते आणि आपल्याला सगळं येतं याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. खरं सांगायचं तर बरंचसं येतही होतं.

घाई मात्र होती. गुलबहारमध्ये एक नियम होता: ज्याचं वाद्य त्याच्या खांद्यावर. तो शकीलभाई मुजावर यांच्या वडिलांनी घालून दिला होता आणि आता ऑर्केस्ट्रा चालवणारे शकीलभाईही तो पाळायचे. ढोलकीवाला ढोलकी उचलायचा, कीबोर्डवाला कीबोर्ड. हमाल नाही, मदतनीस नाही. पप्पा तीस वर्षं गळ्यात गिटार आणि हातात हत्ती घेऊन स्टेज चढले. त्या वर्षी उन्हाळ्यात त्यांची पाठ गेली. डॉक्टर म्हणाले, भरलेली बादलीसुद्धा उचलायची नाही. शकीलभाई म्हणाले, "रूबेनभाई, नियम गेला उडत, पोरं उचलतील." पप्पांना ते पटणं शक्यच नव्हतं. त्यांनी सांगून टाकलं, "साखर कारखान्याचा मोळीचा कार्यक्रम वाजवतो आणि थांबतो."

गळीत हंगाम सुरू होताना गव्हाणीत उसाची पहिली मोळी टाकतात, त्या दिवशी कारखान्यावर गुलबहारचा कार्यक्रम ठरलेला असायचा. तो दिवस आता उद्यावर आला होता. पप्पांनी गिटारच्या तारा बदलणंही बंद केलं होतं. गंजक्या तारांची गिटार भिंतीला टेकून उभी असायची आणि ते तिच्याकडं पाठ करून पेपर वाचायचे. ते मला बघवत नव्हतं.

पप्पा त्या दुपारी अण्णांच्या कारखान्यात आले. मोजमापासाठी हत्ती माझ्याकडंच होता. त्याच्याशेजारी मी डबी ठेवली आणि ती अण्णांच्या मोठ्या स्पीकरला जोडली. अण्णा स्वतःहून भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

पप्पांनी एक तार छेडली.

"हा हत्ती," अण्णा म्हणाले.

ती डबी होती. पप्पांनी पिन बदलून तीच तार छेडली.

"ही डबी. पत्र्याचा आवाज लगीच कळतोय."

तो हत्ती होता. अण्णा वळले, दोन्हीकडं बघितलं आणि म्हणाले, "आयला!" मी मान उंच करून पप्पांकडं बघितलं. शाबासकी घ्यायला मी अगदी तयार होते.

पप्पांनी आणखी थोडं वाजवलं, कधी यात, कधी त्यात. मग गिटार मांडीवर आडवी ठेवली. "दोन्ही सारखेच आहेत की गं. फरक नाही."

"मग?"

"पण दोन्ही माझे नाहीत."

"दोन्ही?" मला कळेना. "पप्पा, हा खरा हत्ती आहे! तुमचाच!"

"दिसतोय ना मला. पण इथं तो नुसता उभा आहे. स्टेजवर जोरात तार मारली की तो आधी गुडघे टेकतो आणि मग उठतो. तालमीतसुद्धा तसं करत नाही. लोक समोर बसले की रंगात येतो."

"लाकूड आणि तांबं हाय ते, रूबेन," अण्णा म्हणाले. "त्याला लोक कुठनं दिसणार?"

"तू बनवलास, भूपाल. वाजवलाय मी."

"मग कान म्हातारं झालं तुझं."

माझं डोकं फिरलं. वर्षभर मी हत्तीची नाडी तपासत बसले होते. त्याचा एकेक व्हॉल्व्ह किती तापतो, कुठल्या स्वराला ट्रान्सफॉर्मर हात टेकतो, सगळं मला पाठ होतं. "तुम्हाला थांबायचंच असेल तर तसं सांगा, पप्पा," मी म्हणाले. "डबीला बोल लावू नका."

ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी रुमालानं गिटारची मान पुसली, ती पिशवीत घातली आणि म्हणाले, "उद्या हत्तीच नेतो. शेवटचंच आहे, त्याच्याबरोबरच वाजवतो."

ते गेल्यावर अण्णांनी डबी पुन्हा हातात घेतली. "आज इथंच ठेव. उद्या साखर कारखान्यावर देतो. तिथं माईकसेट आपलाच हाय." मी हो म्हणाले. मला तिच्याकडं बघावंसंही वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आमचा टेंपो साखर कारखान्याच्या फाटकापाशीच अडकला. उसाच्या ट्रॉल्या रस्ताभर लागल्या होत्या आणि मांडव पार पलीकडं, गव्हाणीच्या अंगाला. शकीलभाईंनी खाली उतरून रस्ता पाहिला आणि हात वर केले. "चला, उचला आपापलं!"

पोरं वाद्यं घेऊन निघाली. पप्पांनी गिटार पाठीला लावली, वाकले आणि हत्तीच्या दोन्ही मुठी धरल्या.

"पप्पा, द्या इकडं."

"नाही."

"एक बाजू तरी."

"एस्तेर, नाही म्हटलं ना."

ते निघाले. शकीलभाई पुढं चालत होते, पण मागं वळून बघायची त्यांची हिंमत होत नव्हती. उसाच्या वजनकाट्यापर्यंत पप्पा आले आणि हत्ती खाली ठेवून त्याच्यावरच बसले. चेहरा घामानं भिजला होता आणि एक हात कमरेवर होता. ट्रॅक्टरवाले हॉर्न मारत होते. मी काही बोलले असते तर ते हत्ती घेऊन पळत सुटले असते, एवढं मी त्यांना ओळखत होते.

तेवढ्यात मांडवाकडून अण्णा आले. त्यांनी पप्पांकडं बघितलं, मग काट्याकडं. "चढीव की काट्यावर. उसाच्या भावानं घालू."

पप्पांना हसू आलं आणि हसताना पाठ दुखली. अण्णांनी खाली वाकून एक मूठ धरली.

"सोड, भूपाल. नियम माहीत आहे ना?"

"ज्याचं वाद्य त्याच्या खांद्यावर. म्हाईत हाय. हे बनवलंय कुणी?"

पप्पांनी दुसरी मूठ धरली. दोघं म्हातारे हत्ती घेऊन निघाले आणि पप्पांच्या पाठीवरची गिटार काढून घेऊन मी मागून गेले. गिटारच्या बाबतीत नियम मोडल्याबद्दल मला कुणी बोललं नाही.

मांडवात अजून माणूस नव्हता. खुर्च्या लावणारी पोरं तेवढी होती. पप्पांनी हत्ती सुरू केला, व्हॉल्व्ह तापू दिले आणि एक तार जोरात मारली. मी कान देऊन ऐकलं. कालचाच आवाज होता, तसाच ताठ.

"उभाच आहे बघ," पप्पा म्हणाले. "येऊ देत लोक."

मी स्टेजच्या कडेला अण्णांच्या माईकसेटजवळ बसून राहिले. डबी त्यांनी आल्याआल्या माझ्या हातात दिली होती. ती जरा जड लागत होती, पण माझं मनच इतकं जड होतं की मी तिकडं लक्ष दिलं नाही.

ऊन उतरलं तशी गावं यायला लागली. ट्रॅक्टरमधून बायका-पोरं उतरली, गुलाबी फेटे दिसायला लागले, भज्यांचा घाणा सुरू झाला. चेअरमनसाहेबांची गाडी आली तसा मंडपवाल्यानं एकामागून एक खटके खाली ओढले. कमान उजळली, झुंबरं उजळली, उसाच्या कांड्यांभोवती गुंडाळलेल्या माळा लुकलुकू लागल्या, स्टेजवरचे मोठे दिवे लागले. पप्पांनी सहज म्हणून तार मारली.

आणि हत्तीनं गुडघे टेकले.

मी ते पहिल्यांदा ऐकलं. लहानपणापासून शेकडो वेळा ऐकलं असणार, पण कान देऊन पहिल्यांदाच. स्वर आधी दबला, घोगरा झाला आणि मग हळूहळू वर आला, फुलला, थांबायचं नाव घेईना. पप्पांनी माझ्याकडं बघून भुवया उडवल्या. "आले बघ लोक!"

मी लोकांकडं बघितलं. सगळे खुर्च्यांवरून भांडत होते, हत्तीकडं कुणाचं लक्षही नव्हतं. मग माझी नजर वर गेली. डोक्यावरचा साधा बल्ब, जो मघाशी लख्ख होता, तो पिवळा पडला होता.

"अण्णा! काटा किती दाखवतोय?"

माईकसेटच्या स्टॅबिलायझरला व्होल्टेजचा काटा होता. अण्णांनी वाकून बघितलं. "एकशेऐंशी. मांडव लागला की पडतंयच की. वायर किती लांबनं आलीया."

"आणि हत्ती? तो कशावर जोडलाय?"

"डायरेक्ट. पयल्यापासनं डायरेक्टच हाय. स्टॅबिलायझर माईकसेटलाच पुरत न्हाई."

मी कपाळावर हात मारून घेतला. अण्णांच्या कारखान्यात टेबलाटेबलाला स्टॅबिलायझर होता, काटा दोनशे तीसवरून हलायचा नाही, आणि अण्णांना त्याचा मोठा अभिमान होता. त्या विजेवर मी वर्षभर हत्ती मोजला होता. पोटभर जेवलेल्या हत्तीचा स्वभाव मी डबीत भरला होता. पप्पांचा हत्ती सगळा जन्म गावोगावच्या मांडवात अर्धपोटी वाजला होता. पप्पांचे कान म्हातारे नव्हते आणि माझं गणितही चुकलं नव्हतं. त्यात मी वीज पक्की धरली होती, एवढंच.

"शकीलभाई, चेअरमनसाहेब किती बोलतात?"

"त्यांचं पंप सुरू केल्यासारखं आहे. विहीर आटल्याशिवाय थांबत नाहीत. का गं?"

"बोलू देत. त्यांना कुणी चिठ्ठी पाठवू नका."

मी लॅपटॉप काढला, स्टेजमागं गोणपाटावर बसले आणि डबी जोडली. चेअरमनसाहेब पाटपाण्यावर बोलत होते. पक्का धरलेला विजेचा आकडा मी मोकळा केला, खाली ओढला, तार जोरात मारल्यावर तो किती दबावा आणि किती वेळात सावरावा हे नव्यानं बसवलं. हात भराभर चालत होते. मला काय करायचंय ते इतकं स्वच्छ दिसत होतं की भीती वाटायला जागाच नव्हती. चेअरमनसाहेब साखरेच्या उताऱ्यावर आले तेव्हा मी पप्पांना मागं बोलावलं आणि त्यांच्या कानाला हेडफोन लावले.

"पुन्हा डबी?"

"एकदाच. जोरात मारा."

त्यांनी मारली. तोंड वाकडं केलं. "हा तर आडवाच झाला. उठायला कुणीतरी लागेल."

म्हणजे दिशा बरोबर होती. मी दबणं थोडं कमी केलं, सावरणं थोडं लांबवलं. बाहेर चेअरमनसाहेबांनी आभार मानायला सुरुवात केली आणि शकीलभाई मला खुणा करायला लागले.

"आता मारा."

पप्पांनी तार मारली. त्यांचा हात तिथंच थांबला. स्वर त्यांच्या कानात दबला असेल, उठला असेल, मला ऐकू येत नव्हतं, पण त्यांच्या चेहऱ्यावर तो सगळा दिसत होता. त्यांनी पुन्हा मारली. मग खालची तार. मग एक जुना तुकडा, जो ते मी झोपत नसे तेव्हा वाजवायचे. त्यांनी हेडफोन काढले आणि माझ्याकडं बघितलं. डोळे भरले होते.

"यात लोक कुठनं आले?" त्यांनी विचारलं.

"सांगते नंतर. जा, शकीलभाई ओरडतायत."

त्यांनी डबी उचलली आणि हातात तोलली. "बरी जड आहे की. मला वाटलं होतं हातात काही लागायचंच नाही." अण्णा अचानक मांडवाचं छत निरखायला लागले.

पप्पा स्टेजवर गेले. हत्तीपाशी वाकले, पिन काढली, हत्तीचा खटका बंद केला आणि त्याच्या डोक्यावर एकदा हात ठेवला. मग डबी पायाशी ठेवून पिन तिच्यात खोचली. मी तिची वायर माईकसेटला जोडली. अण्णा माझ्या शेजारी उभे होते आणि त्यांचा हत्ती दिवे विझवून बसला होता. मला त्यांच्याकडं बघायचा धीर झाला नाही.

पहिलंच गाणं ठसक्याचं होतं. शकीलभाईंनी तान घेतली, ढोलकी उतरली आणि गिटार आली. मांडवभर डबीनं गुडघे टेकले आणि उठली. पुढच्या रांगेतल्या फेटेवाल्यांनी माना डोलवल्या, मागून शिट्या आल्या. पप्पा मोकळे उभे होते, पाय थोडे फाकून, आणि कित्येक महिन्यांनी कमरेवरचा त्यांचा हात सुटला होता. मी तोंडावर हात धरून रडले. आनंदानं रडताना माणूस किती वेडंबिद्रं दिसतं ते मला नंतर शकीलभाईंच्या पोरांनी नक्कल करून दाखवलं.

तिसऱ्या गाण्याला अण्णा बोलले. "वाकतोय बरोबर."

"तुमचाच आहे, अण्णा."

"तसं न्हवं." त्यांनी स्टॅबिलायझरचा काटा बघितला. "मी ह्यो बनवला तवा त्यो असा वाकतोय ते मलाबी म्हाईत नव्हतं."

मग हळूच म्हणाले, "आत एक लोखंडाची पट्टी घातलीया. काल. तू चिडू नकोस. रूबेननं उचलली आन् हातात काय लागलंच न्हाई, तर त्यो ठिवून दिल वाटलं मला."

मी चिडले. तापलेली चिप, मोजून ठेवलेली जागा, आणि त्यात हा माणूस लोखंड कोंबतो! पण स्टेजवर पप्पांनी पाय आपटला तेव्हा शेजारच्या माईकचा स्टँड हलला आणि डबी जागची हलली नाही. पट्टी राहिली.

कार्यक्रम संपला. "उचला आपापलं!" शकीलभाई ओरडले. पप्पांनी गिटार पाठीला लावली, डबी सदऱ्याच्या खिशात टाकली आणि पायऱ्या उतरून सगळ्यांच्या पुढं चालायला लागले. हत्ती स्टेजवर एकटा राहिला.

"आता ह्यो कुणाचा?" अण्णांनी विचारलं.

"माझा," मी म्हणाले. "धरा एक बाजू."

एकतीस किलो म्हणजे काय ते त्या दिवशी मला कळलं. वर्षभर मी तो आकडा नुसता लिहीत होते. वजनकाट्यापर्यंत माझे दोन्ही हात सुन्न झाले, आणि पुढं बघितलं तर पप्पा भज्यांच्या गाड्यावर उभे राहून आमच्यासाठी पुडा बांधून घेत होते.

त्यानंतर पप्पांनी गुलबहारमध्ये अकरा हंगाम वाजवले. डबी बाजारात आली आणि चालली, अजूनही चालते. तिच्यात अण्णांची पट्टी आहे. तिच्यावर आता तीन बटणं आहेत, आवाज, धार आणि तिसरं. तिसऱ्यानं गणितातली वीज वरखाली होते. त्याच्यावर काय लिहायचं यावर माझी आणि अण्णांची खडाजंगी झाली. अण्णांना 'व्होल्टेज' हवं होतं. मी 'माणसं' असं लिहिलं. दूरदूरची गिऱ्हाईकं विचारतात की हे काय नाव झालं, आणि मी प्रत्येकाला काहीतरी सांगून वेळ मारून नेते. खरं कारण त्या परतीच्या टेंपोत आहे.

फाटकाबाहेर पडल्यावर मी पप्पांना सगळं समजावून सांगितलं. स्टॅबिलायझर, पिवळा पडलेला बल्ब, एकशेऐंशी. त्यांनी भजी खात नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे लोकांमुळं नाही," मी म्हणाले. मला जिंकल्याचा आनंद लपवता येत नव्हता. "हत्तीला लोक दिसत नव्हते, पप्पा. फक्त व्होल्टेज पडत होतं."

"कशानं पडलं?"

"सगळा मांडव लागला ना एकदम. कमान, झुंबरं, माळा, स्टेजचे दिवे."

"ते कशाला लावले होते?"

"कशाला म्हणजे? लोक आले म्हणून."

पप्पांनी पुडा माझ्यापुढं धरला आणि शेवटचं भजं मला दिलं.

"मग मी काल काय म्हणत होतो?"